आधी कार्ड वाचलं, मग सुई उचलली: न्यू जर्सीतल्या काउंटी लसीकरण केंद्राचा अनुभव

कोरेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका होते. २०१९ साली निवृत्त झाले, पण गावात अजून सगळे सिस्टरच म्हणतात. त्यामुळे लसीकरणाच्या कुठल्याही ठिकाणी गेले की माझी नजर आधी फ्रिजवर जाते, मग टेबलावर, मग सिस्टरच्या हातांवर. न्यू जर्सीतल्या काउंटीच्या लसीकरण केंद्रात ऑगस्ट २०२३ मध्ये नातीला घेऊन गेले, तेव्हाही तसंच झालं. मुलांना घेऊन इकडे येणाऱ्या आपल्या लोकांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जावयांची बदली झाली आणि लेक, जावई, नात असे तिघे ऑगस्टमध्ये इकडे आले. घर लागेपर्यंत हाताशी माणूस हवं म्हणून मीही सोबत आले. नात साडेसहा वर्षांची, सप्टेंबरात पहिलीत बसायची. शाळेत नाव घालायला गेलो तर जन्मदाखला आणि घराच्या पत्त्याचा पुरावा यांच्या बरोबरीने लसीकरणाची नोंद मागितली. मला त्याची काळजी नव्हती. नातीचं कार्ड माझ्याच हातचं होतं. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, पुढेही दीड-दोन वर्षं येऊन-जाऊन होती, त्यामुळे जन्मल्या दिवशीचा सोडला तर कार्डावरचा एकूण एक डोस आमच्या उपकेंद्रातल्या बुधवारच्या सत्रात झालेला. फक्त शेवटचा त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर पुण्यात महापालिकेच्या दवाखान्यात घेतला होता.

शाळेतल्या सिस्टरने आम्हाला कागद दिला. पहिलीच्या मुलाला काय लागतं ते त्यात होतं: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताचे चार डोस आणि त्यातला एक चौथ्या वाढदिवसानंतरचा, नाहीतर कसेही पाच. पोलिओचे तीन आणि त्यातला एक चौथ्या वाढदिवसानंतर, नाहीतर कसेही चार. गोवराचे दोन, रुबेला आणि गालगुंडाचा निदान एकेक, सगळे पहिल्या वाढदिवसानंतरचे. कावीळ ब चे तीन, कांजिण्यांचा एक. शिवाय भारतातून थेट आलेलं मूल म्हणून क्षयाची तपासणी. परदेशातून आलेल्या मुलाला कागद जुळवायला ३० दिवसांची सवलत मिळते. तोवर प्रत्येक लसीचा निदान एकेक डोस झाला आणि पुढचे वेळेवर चालू राहिले, तर शाळा बसू देते. सिस्टर चांगली होती, शांतपणे सगळं सांगितलं तिने.

विमा सुरू व्हायला अजून महिना होता. म्हणून ओळखीच्यांनी सांगितलेल्या एका खासगी दवाखान्यात आधी गेलो. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे कार्ड काउंटरवरच्या मुलीने घेतलं, आत नेलं आणि दहा मिनिटांत निरोप आला की नोंदी भरवशाच्या नाहीत, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. यादी हातात दिली. मी मोजल्या, चौदा सुया होत्या.

माझ्या पोटात कालवलं. माझं अक्षर, माझ्या सह्या, उपकेंद्राचा शिक्का. मी लेकीला म्हटलं, 'अगं, विचार तरी त्यांना काय चुकलंय.' तेव्हा कळलं की पेंटाव्हॅलंटचा (त्रिगुणी आणि कावीळ ब धरून पाच रोगांवरची एकत्र लस) दुसरा डोस पहिल्याच्या आधी पडलेला दिसतो, असं त्यांचं म्हणणं आहे. असं कसं होईल? आम्ही कार्ड घेऊन घरी आलो. रात्री जेवणं झाल्यावर जावई कार्डाकडे बघत बसले होते. एकदम म्हणाले, 'आई, हे लोक महिना आधी वाचतात.'

पेंटाचा पहिला डोस ०५/०४/२०१७, दुसरा ०३/०५/२०१७, तिसरा ०७/०६/२०१७. आपण वाचतो ५ एप्रिल, ३ मे, ७ जून. तिन्ही बुधवार, मधली अंतरं चार आठवडे आणि पाच आठवडे. त्यांनी वाचलं ४ मे, ५ मार्च, ६ जुलै. नातीचा जन्म १४ फेब्रुवारीचा, म्हणजे त्यांच्या हिशोबाने दुसरा डोस १९ दिवसांच्या बाळाला दिलेला. त्याहून मोठं नुकसान गोवराच्या दुसऱ्या डोसाचं होत होतं. तो ०१/०८/२०१८ चा, १ ऑगस्ट, पोर साडेसतरा महिन्यांची. त्यांनी तो ८ जानेवारी वाचला की पोर वर्षाच्या आतली होते आणि डोस बाद. एका तिरप्या रेघेने माझी पाच वर्षांची नोंद खोटी ठरली होती. त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते.

दुसऱ्या दिवशी लेकीने काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन लावला. फोन लागायला दोन दिवस गेले, ही पहिली उणीव. लागल्यावर मात्र त्यांनी ३० ऑगस्टची वेळ दिली आणि एकच गोष्ट बजावली: मूळ कार्ड आणा, जे काही कागद असतील ते सगळे आणा. ज्या मुलांना विमा नाही त्यांना व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रेन नावाच्या सरकारी योजनेतून लस फुकट मिळते, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. १९८९ ते १९९१ मध्ये अमेरिकेत गोवराची मोठी साथ आली होती, त्यात डोस न मिळालेली गरीब घरची मुलं खूप आजारी पडली. त्यानंतर १९९४ पासून ही योजना चालू आहे. आपल्याकडे उपकेंद्रात लस फुकट असते त्याची सवय असल्याने मला त्यात नवल वाटलं नाही, पण इथे खासगी दवाखान्याचे आकडे ऐकल्यावर त्या योजनेची किंमत कळली.

केंद्र साधंच. एका सरकारी इमारतीचा तळमजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. आमच्या आधी आठ-नऊ कुटुंबं होती, बहुतेक बाहेरदेशची. नऊची वेळ दिली होती, नंबर आला पावणेअकराला.

आतली सिस्टर माझ्याच वयाची, बासष्ट-त्रेसष्टची असेल. तिने कार्ड घेतलं, चष्मा बदलला, एक कोरा कागद आणि पेन्सिल घेतली. तिला मराठीचा दुभाष्या फोनवर मिळाला. स्पीकरवरून एक मुलगी बोलत होती, बोलण्यावरून विदर्भातली वाटली. 'मावशी, सिस्टर म्हणतायत की घाई नाही, त्यांना आधी पूर्ण कार्ड वाचायचं आहे.' मला तिथेच भरून आलं.

तारखांचा घोटाळा मी सांगणारच होते. त्याआधीच त्या सिस्टरचं पेन्सिलीचं टोक गोवराच्या पहिल्या डोसावर थांबलं. १५/११/२०१७. ती म्हणाली, पंधरावा महिना नसतो, म्हणजे इथे दिवस आधी लिहिलाय, म्हणजे सगळ्या कार्डावर दिवस आधी. एवढं साधं होतं ते. कागदावर तिने सगळ्या तारखा पुन्हा उतरवल्या, प्रत्येक महिना अक्षरात. शेजारी नातीचं त्या दिवशीचं वय आठवड्यांत आणि महिन्यांत. कोणाचा कोणता डोस राहिलाय त्याची ड्यू लिस्ट आम्ही करायचो तशीच. मग एकेक लस घेऊन बसली.

त्रिगुणी: पेंटाचे तीन, दीड वर्षाचा बूस्टर, पाच वर्षांचा बूस्टर ९ मार्च २०२२ चा. पाच झाले, शेवटचा चौथ्या वाढदिवसानंतरचा. पूर्ण. एकही सुई नको. खासगीवाले याच लसीच्या चार सुया देणार होते. गरज नसताना धनुर्वाताचे डोस वाढले की दंड कसा सुजून लाल होतो ते मी सत्रांमध्ये पाहिलेलं आहे.

गोवर: नऊ महिन्यांचा पहिला डोस त्यांनी धरला नाही, कारण वर्षाच्या आतला. त्यात राग मानण्यासारखं काही नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात असते तोवर लस नीट लागू पडतेच असं नाही. आपल्याकडे गोवर लहान बाळांनाही गाठतो म्हणून आपण नवव्या महिन्यात देतो, आणि म्हणूनच दुसरा देतो. १ ऑगस्टचा दुसरा त्यांनी धरला. आता आणखी एक हवा होता. तेव्हा मी पिशवीतून ते छोटं कार्ड काढलं.

२७ नोव्हेंबर २०१८ ला महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना एक जादा डोस. शाळाशाळांतून, अंगणवाड्यांतून आम्ही पायाला भिंगरी लावून फिरलो. नातीला १२ डिसेंबरला अंगणवाडीत दिला, अंगठ्यावर मार्करची खूण केली आणि मोहिमेचं वेगळं कार्ड भरून लेकीला म्हटलं, 'हे जपून ठेव.' कितीतरी आयांनी ती कार्डं टाकून दिली असतील, कारण नेहमीच्या कार्डात तो डोस चढतच नाही. सिस्टरने ते उलटसुलट करून पाहिलं, शिक्का वाचायला लावला आणि मान डोलावली. गोवर दोन, रुबेला एक. राहिला फक्त गालगुंड, कारण आपल्या सरकारी लसीत तो घटक नाही. तेवढ्यासाठी एक एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस. शाळेच्या नियमाला तो पुरतो, पण दुसरा एमएमआर आणि कांजिण्यांचा दुसरा डोस पुढे मुलांच्या डॉक्टरांकडे जरूर घ्या, असं तिने स्पष्ट सांगितलं.

कावीळ ब मध्ये मी एक नवी गोष्ट शिकले. जन्मल्या दिवशीचा एक आणि पेंटातले तीन, असे नातीचे चार डोस होते. मला वाटलं संपलं. ती म्हणाली, त्यांच्या नियमात शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यावर पडायला हवा. आपला तिसरा पेंटा सोळाव्या आठवड्यातला. म्हणून एक डोस. आपल्या सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या वेळापत्रकातल्या कुठल्याही मुलाला हे लागू पडतं, तेव्हा येणाऱ्यांनी तयारी ठेवावी.

आणि मग पोलिओ.

यावर मी जरा थांबणार आहे. मी पल्स पोलिओची पहिल्यापासूनची माणूस. रविवारी बूथ, सोमवारपासून घरोघर, खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, ऊसतोडीच्या पालांवर, वीटभट्ट्यांवर, एसटी स्टँडवर. भारतातला जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा आम्ही केंद्रात पेढे वाटले. नातीला तर मी नियमाचे पाच आणि मोहिमांचे वेगळे, कितीदा दोन थेंब पाजले. सिस्टर म्हणाली, तोंडावाटेचा एकही डोस धरता येणार नाही.

ऐकल्याबरोबर मी गप्पच झाले. फोनवरच्या मुलीलाही ते जाणवलं असावं, ती म्हणाली, 'मावशी, त्या कारण सांगतायत, ऐका.' एप्रिल २०१६ पासून जगभर पोलिओच्या थेंबांतून टाइप दोन काढून टाकला. त्यानंतरच्या थेंबांत एक आणि तीन हे दोनच प्रकार. अमेरिकेला तिन्हींचं संरक्षण हवं, म्हणून त्या तारखेनंतरचे थेंब मोजत नाहीत. हे ऐकताना मला माझेच हात आठवले. २५ एप्रिल २०१६, आपल्याकडे लस बदलायचा दिवस. जुन्या कुप्या फ्रिजमधून काढून, मोजून, लाल खूण करून मी स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात जमा केल्या होत्या. मला हे कारण ठाऊक होतं, फक्त नातीच्या कार्डाशी मी ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. कातडीत देतात त्या छोट्या आयपीव्हीचे (पोलिओच्या सुईवाटेच्या लसीचे) दोन डोसही तिच्या हिशोबात बसले नाहीत.

मग तिने आणखी एक सांगितलं. जुलै २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड काउंटीत लस न घेतलेल्या एका तरुणाला पोलिओने लुळेपणा आल्याचं उघड झालं. रॉकलँड न्यू जर्सीच्या सीमेला लागून आहे. आणि तो विषाणू टाइप दोनचाच होता. मी म्हटलं, 'द्या बाई, तिन्ही द्या.' आयपीव्हीचे तीन डोस ठरले: एक आज, एक चार आठवड्यांनी, एक त्यानंतर सहा महिन्यांनी.

चौदाच्या जागी सहा सुया: आयपीव्हीच्या तीन, एमएमआर, कावीळ ब आणि कांजिण्यांची एकेक. त्यातल्या चार त्याच दिवशी.

आधी त्याच इमारतीत क्षयाच्या तपासणीसाठी रक्त काढलं. बीसीजी ही क्षयावरची लस घेतलेल्या मुलाची कातडीवरची चाचणी फसवी येऊ शकते, रक्ताच्या तपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. नातीच्या डाव्या दंडावरची बीसीजीची खूण पाहून सिस्टरनेच हे सुचवलं. आणि रक्त त्याच दिवशी हवं, कारण गोवराची जिवंत लस दिल्यावर क्षयाची तपासणी करायची तर चार आठवडे थांबावं लागतं. एमएमआर आणि कांजिण्यांची लसही एकाच दिवशी द्यायची, नाहीतर २८ दिवसांचं अंतर. हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं.

फ्रिज मी पाहिलाच. लसीखेरीज आत काही नव्हतं, दारात बाटल्या नव्हत्या, खोकी भिंतीला न चिकटता हवा खेळेल अशी मांडलेली. बाहेर तापमानाची आपोआप नोंद ठेवणारं यंत्र, आकडा ४.१. कांजिण्यांची लस वेगळ्या डीप फ्रीजरमध्ये. आम्ही आयएलआरचं, म्हणजे लसीच्या फ्रिजचं तापमान सकाळ-संध्याकाळ हाताने लिहायचो, दोन ते आठच्या मध्ये. इथे यंत्र असूनही शेजारी हाताने भरलेला तक्ता टांगलेला होता, दोन्ही वेळच्या सह्यांसकट. ते पाहून माझा जीव भांड्यात पडला.

सुया देतानाचं तिचं कसब सांगायला हवं. प्रत्येक सिरिंज उचलताना लसीचं नाव, मुदत मोठ्याने वाचली आणि लेकीला दाखवली. नातीला लेकीच्या मांडीवर बसवलं, छातीला छाती लावून, दोन्ही पाय गुडघ्यांत धरून. झोपवलं नाही, दाबून धरलं नाही. उजव्या दंडात दोन, डाव्यात दोन, मध्ये बोटभर अंतर. सगळ्यात जास्त झोंबणारी एमएमआर तिने शेवटी ठेवली. आपण आधी दिली की पोर पुढच्या सुयांना आकांत करतं, हे तिला माझ्याइतकंच माहीत. नात शेवटच्या सुईला रडली, मग चिकटपट्टीवरचा मासा बघत गप्प झाली. पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. तेवढ्या वेळात सिस्टरने भारतातले जुने सगळे डोसही न्यू जर्सीच्या लसनोंदणीत चढवले आणि छापील कागद दिला. आता कुठल्याही डॉक्टरला तो संगणकावर दिसतो. एक डॉलरही घेतला नाही.

उठताना तिने कार्डावर बोट ठेवून दुभाष्या मुलीमार्फत विचारलं, हे अक्षर कोणाचं? मी म्हटलं, माझं. तिने माझा हात हातात घेतला. दोघी काही बोललो नाही.

उणिवाही सांगते. सत्रं महिन्यातून दोनच, तीही कामाच्या दिवशी सकाळी, त्यामुळे दोघंही नोकरी करणाऱ्यांचे हाल. वेळ देऊनही पावणेदोन तास बसवलं, आणि एवढ्या लहान मुलांसाठी बाहेर पाण्याची सोय नव्हती. शाळेला लागणारा शारीरिक तपासणीचा फॉर्म तिथे भरून मिळत नाही, त्याला वेगळा डॉक्टर गाठावा लागतो. पार्किंग तुटपुंजं. तरी पाचपैकी साडेचार देईन.

येणाऱ्यांना माझं सांगणं: निघण्याआधी आपल्या उपकेंद्रातून किंवा दवाखान्यातून सगळ्या डोसांची यादी साध्या कागदावर उतरवून घ्या, महिना अक्षरात, खाली सही-शिक्का. मूळ कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. मोहिमेचं कार्ड असेल तर तेही. खासगीत कांजिण्या किंवा एमएमआर घेतली असेल तर फाइल आणा. सहावीत जाणारं मूल असेल तर धनुर्वाताचा बूस्टर आणि मेंदूज्वराची (मेनिंगोकोकल) लस वेगळी लागते. आणि कोणी 'सगळं पहिल्यापासून' म्हणालं तर घाबरून लगेच दंड पुढे करू नका, कोणता डोस का धरला नाही ते एकेक करून विचारा. विचारलेलं चांगल्या सिस्टरला आवडतं.

७ सप्टेंबरला नात शाळेत गेली. २७ सप्टेंबरला दुसरा आयपीव्ही झाला, तेव्हाही तीच सिस्टर होती. तिसरा २७ मार्चला. तोवर मी साताऱ्याला परतलेली असेन. लेकीने फ्रिजवर कागद लावलाय, मोठ्या अक्षरात: सत्तावीस मार्च.